कापसोजी नाईकांचे केस, दादासाहेबांचा काटा आणि यंत्रनिवडीची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास वंदन, त्याचे वाहनास वंदन, आणि त्या वाहनाचे वैरी जे मार्जार त्यांसही दुरून वंदन, कारण हकीकतीत पुढे त्यांचेही काम आहे. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपद वद्य तृतीया, ते दिवसापासून आश्विनाअखेर पावेतो एका राज्यात केसांवरून जे राजकारण जाहले, ते जाणत्यांनी पाहिले, नेणत्यांनी ऐकिले, ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिल्यास सोसायटीत बोभाटा होतो. राज्य चवथे मजल्यावर, दालने तीन, मुदपाकखाना एक, सज्जा एक, आणि खाली उतरावयास लिफ्ट नामे पालखी, ती आठवड्यातून दोन वार आजारी. तेथे राजे मकरंदराव राज्य करीत होते आणि राणी मृदुलाबाई राज्य चालवीत होत्या. राजांचे वडील थोरले दादासाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, पूर्वी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे सुभेदार होते, ते आता पूर्वेकडील दालनात राहून जुनी वर्तमानपत्रे जमा करीत होते. दाराची किल्लेदारी कापसोजी नाईक यांजकडे. नाईक जातीचे श्वान, रंग पांढरा, अंगावर केस इतके की पुढील टोक कोणते आणि मागील कोणते हे बिस्कीट दाखविल्यावाचून समजत नसे. दादासाहेबांनी त्यांस नऊ वर्षांमागे भाजीचे पिशवीतून, मेथीचे जुडीखाली दडवून राज्यात आणिले होते, आणि तेव्हापासून उभयतांचा सकाळचा फेरा एक दिवस चुकला नव्हता. दुसऱ्या मानकरी रेशमाबाई, मार्जार, मूळ घराणे इराणचे, रंग करडा, चाकरी काही नाही, मानमरातब सर्व.

या दोघांचे केस राज्यभर उडत. सोफ्यावर केस, पडद्यावर केस, राजांचे कचेरीत जावयाचे काळे पोशाखावर तर नक्षीच. एके दिवशी राजांनी वरण प्राशन केले आणि मिशी दोन बोटे वाढल्याचा भास जाहला. वारा सुटला म्हणजे केस सज्जातून शेजारचे राज्यात जात, तेथील कारभारी टकले, त्यांचे घामेजल्या डोईवर एकदा इतके केस बसले की खालचे पहारेकऱ्याने त्यांस ओळखिले नाही आणि वहीत सही मागितली. हे सर्व राज्याने सोसले. केस म्हणजे घरचेच माणूस ऐसे समजून सोसले. परंतु भाद्रपद लागताच दादासाहेबांस खोकला सुरू जाहला, आणि खोकला ते लपवू लागले. कोणी पुसिले तर म्हणावे, "काही नाही रे, वेलची अडकली." सकाळी वेलची अडकली, दुपारी वेलची अडकली, रात्री छातीत शिट्टी वाजली तरी वेलचीच. मग राणीसाहेबांस संशय आला आणि त्यांनी पानसुपारीचे तबक उघडून पाहिले, तो आत वेलच्या अकरा, आणि ठेविल्याही अकराच होत्या. एकही कमी नाही. तेव्हा राणीसाहेब उमगल्या की दादासाहेब खोकला दडवितात, आणि तो कोणासाठी दडवितात हेही उमगल्या, कारण कापसोजी नाईक त्या वेळी दादासाहेबांचे पायांवर हनुवटी टेकून निजले होते.

मग राजवैद्य डॉक्टर इनामदारबाई यांस पाचारण जाहले. त्या तळमजल्यावरच राहत, सबब चपला घालूनच आल्या, आणि त्यांनी दादासाहेबांचे हाती एक नळी दिली, नळीवर आकडे आणि एक तांबडा काटा, आणि म्हणाल्या, "आजोबा, पूर्ण श्वास भरा आणि वाढदिवसाच्या सगळ्या मेणबत्त्या एकदम विझवायच्या आहेत असं समजून फुंका." दादासाहेब म्हणाले, "आमच्या वेळी मेणबत्त्या विझवत नव्हते, दिवे लावत होते." डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोलण्यात श्वास घालवू नका." मग दादासाहेबांनी तीन वेळा फुंकिले आणि काटा एकशे ऐंशीवर जाऊन थांबला. डॉक्टरबाईंचे मुख गंभीर जाहले. त्यांनी औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता घेण्याची आज्ञा केली, आणि राजा-राणींस बाजूस घेऊन, परंतु दादासाहेबांस ऐकू जाईल ऐसे, बोलिल्या, "घरात केस आणि धूळ फार आहे. ती कमी करा. मी दसऱ्याला सोनं द्यायला येईन तेव्हा पुन्हा फुंकायला लावीन. काटा अडीचशेला लागला नाही, तर कुत्र्याची दुसरीकडे सोय करायची. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

ही खबर राणीसाहेबांचे बंधु सर्जेराव यांस पावली. त्यांचा मळा शहराबाहेर सात कोसांवर, घरी टेम्पो, आणि स्वभाव मदतीचा, न मागितलेली मदत तर आधी. त्यांनी फोनवरून सांगितले, "ताई, अजिबात काळजी करू नकोस. दसऱ्याला टेम्पो घेऊन येतो. कापश्या मळ्यात राजासारखा राहील."  त्या रात्री त्यांनी आपले ताटातील अर्धी पोळी नाईकांस दिली आणि उरलेली अर्धीही दिली.

मग राजसभा बसली आणि ठराव जाहला की केसांवर मोहीम करावयाची तर हत्यार पाहिजे, केरसुणीने केस मरत नाहीत, केवळ जागा बदलतात. विलायतेकडे व्हॅक्युम क्लीनर नामे यंत्र आहे, ते केस, धूळ, कण, सर्व पोटात ओढून घेते. तरी त्यांतील श्वान-मार्जारांचे घरास योग्य ते निवडावे. परंतु अडचण ऐसी की महिना भाद्रपद, पक्ष पंधरवडा सुरू, त्यात नवी वस्तू राज्यात आणू नये ऐसा शिरस्ता. राणीसाहेब म्हणाल्या, "घ्यायचं नाही. बघायला काय हरकत आहे? बघितलेलं पितरांना लागत नाही." राजे म्हणाले, "हे कुठे लिहिलंय?" राणीसाहेब म्हणाल्या, "मी आत्ता सांगितलं ना." मग तीन सौदागरांस निरोप गेले की आपापले वकील यंत्रासहित पाठवावे आणि सोफ्यावर प्रत्यक्ष चालवून दाखवावे, दरबार पाहील आणि घटस्थापनेस एकास मान देईल.

पहिला वकील षष्ठीस येणार ऐसे ठरले. त्या दिवशी पहाटेपासून राज्यात जी धावपळ जाहली ती लढाईचे दिवशी होत नाही. परके माणूस घरात येणार, त्याने केस पाहिले तर काय म्हणेल, या विचाराने राणीसाहेबांस झोप लागली नव्हती. फरासखान्याच्या मुख्य मालनबाई, ज्या बारा वर्षे या राज्याचा केर काढीत आल्या होत्या, त्यांस एक घटका आधी बोलाविणे गेले. आणि मालनबाईंनी सोफा हलविला, खालून झाडिले, वरून झटकिले, उशांस बडविले, फरशी दोन पाण्यांनी पुसली, कापसोजींस सज्जात बांधून विंचरिले, रेशमाबाईंस विंचरावयास गेल्या तो त्यांनी पंजा दाखविला म्हणून त्यांस तसेच सोडिले. आणि दादासाहेबांचे दालनाचे दार लोटून घेतले, कारण पाहुणे येत तेव्हा ते दार लोटून घेण्याची जुनीच चाल होती. मग राज्य ऐसे लखलखीत जाहले की राजांस आपलेच घरात चप्पल काढावी की न काढावी हा प्रश्न पडला.

पहिला वकील गळ्यास टाय बांधून आला. त्याचे यंत्र म्हणजे तांबडा रांजण, चाकांवर बसविलेला, पुढे हत्तीचे सोंडेसारखी नळी. कळ दाबताच ऐसी गर्जना जाहली की कापसोजी नाईक सज्जातून दोरीसह धावत येऊन न्हाणीघरात दडले, आणि खालचे मजल्यावर कुकर तीन शिट्ट्यांचा असता भीतीने एकच देऊन गप्प बसला. वकिलाने सोफ्यावरून सोंड चार वेळा फिरविली आणि मग रांजण उघडून पाहिला, तो आत केस दोन आणि शेंगदाण्याचे टरफल एक. वकील ओशाळून म्हणाला, "मॅडम, तुमचं घरच इतकं स्वच्छ आहे!" राणीसाहेब प्रसन्न जाहल्या आणि त्यांनी त्यास दुसरा चहा दिला. परंतु तो गेल्यावर राजे म्हणाले, "घर केसांनी भरलंय, आणि याला दोन केस मिळाले? आवाज तोफेचा, मारा टिकलीचा."

दुसरा वकील नवमीस आला, आणि त्या दिवशीही पहाटे तेच, सोफा हलविणे, उशा बडविणे, दोन पाणी, दार लोटणे. त्याचे यंत्र थाळीएवढे वाटोळे, आपलेआप चालणारे. वकील म्हणाला, "याला काही सांगावं लागत नाही." राणीसाहेब राजांकडे पाहून म्हणाल्या, "असं घरात एक तरी हवंच होतं." यंत्र चालू लागले, भिंतीस लागले की वळे, खुर्चीस लागले की वळे, आणि दोन फेरे होत आहेत तो रेशमाबाई उडी मारून त्यावर जाऊन बसल्या आणि अंबारीत बसल्याप्रमाणे सर्व राज्य फिरून पाहत्या जाहल्या. मुदपाकखान्याशी पोहोचताच त्यांनी पंजाने फडताळातील दुधाची पिशवी खाली पाडिली, हे यंत्राचे कामात धरावे किंवा न धरावे यावर थोडी चर्चा जाहली. मग यंत्र सज्जाचे दाराशी गेले, तेथे वाळत घातलेला दादासाहेबांचा लेंगा खाली पडला होता, त्याची नाडी पोटात ओढून जागीच घरघरत बसले. उघडून पाहिले तो नाडी एक, केस नाही. दादासाहेब आतून ओरडले, "नाडी परत करा!" वकिलाने ती परत केली आणि चहा न घेता गेला.

तिसरा वकील द्वादशीस आला, बाई होती, बोलणे मोजके. तिचे यंत्र भाल्यासारखे, वजनास हलके, तार नाही, बॅटरीवर चालणारे, आवाज मधमाशीइतका, आणि केस जमा होण्याचे पोट काचेप्रमाणे पारदर्शक. परंतु त्या दिवशीही मालनबाईंनी पहाटेच सर्व केले होते. भाला सोफ्यावरून फिरला आणि पोटात अर्धा चमचा धूळ आली. ती बाई पोटाकडे पाहून मग राणीसाहेबांकडे पाहून म्हणाली, "आज सकाळी झाडलंत का?" राणीसाहेब म्हणाल्या, "छे हो! नेहमीसारखंच आहे." ती बाई यंत्र आवरून गेली. मग राजे बोलिले. ते म्हणाले, "तिन्ही पाहिली. एकाला दोन केस, एकाला नाडी, एकाला अर्धा चमचा. आणि माझ्या शर्टावर बघा, हे आत्ता बसल्या बसल्या सात लागले. यंत्रांच्या हातून हे होणार नाही. सर्जेरावांना सांगा, टेम्पो आणा." हे ऐकून दादासाहेब उठून आपल्या दालनात गेले, आणि नाईक त्यांचे मागे गेले, आणि दार आतून लागले, आणि आतून खोकला ऐकू आला, आणि मग उशीत तोंड घातल्यावर जैसा येतो तैसा आला.

मालनबाई त्या वेळी मुदपाकखान्यात भांडी घाशीत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि पदरास हात पुसत दरबारात आल्या. बारा वर्षांत त्यांस दरबारात कोणी काही पुसिले नव्हते आणि त्यांनीही आगाऊ काही सांगितले नव्हते. त्या बोलिल्या, "बाई, एक बोलू का? रागवायचं नाही."

राणीसाहेब म्हणाल्या, "बोल की."

"तुम्ही मशीन बघायला बोलावता आणि आदल्या घटकेला माझ्याकडून सगळं घर चाटूनपुसून घेता. मग त्या मशीनीनं खायचं काय? माझं डोकं?"

 राजांनी राणीसाहेबांकडे पाहिले. राणीसाहेब म्हणाल्या, "अगं, पण परक्या माणसासमोर..."

"परकं माणूस केर काढायचं मशीन घेऊन येतंय, बाई, मुलगी बघायला नाही येत."

राजे यावर इतके हसले की त्यांस पाणी द्यावे लागले. राणीसाहेब म्हणाल्या, "बरं, मग आता काय? पुढच्या आठवड्यात घट बसतात. घटस्थापनेच्या तोंडावर घर न झाडता ठेवायचं? ते मला मेल्यावर सांग."

मालनबाई म्हणाल्या, "सगळं घर कशाला पाहिजे? दादांची खोली आहे की. तिथं मला कोण झाडू देतंय? पेपराला हात लावला तर ओरडतात, खाटेखाली वाकले तर ओरडतात. तीन पावसाळे झाले, त्या खाटेखाली केरसुणी गेलेली नाही."

मग मालनबाईंची मसलत मान्य जाहली, आणि चतुर्दशीस तिन्ही वकिलांस एकाच वेळी पुन्हा बोलाविले, आणि दादासाहेबांचे दालन हीच रणभूमी ठरली. दादासाहेब प्रथम राजी होईनात. राजे म्हणाले, "बाबा, कापश्यासाठी." तेव्हा त्यांनी दार उघडिले, आणि एक शर्त घातली, "परीक्षा मी घेणार. चाळीस वर्षं कालवे तपासले आहेत. कालवा पाणी किती वाहतो ते कुणीही बघतो, गळतो कुठून ते बघायचं असतं." आणि त्यांनी कपाटातून धुतलेले पांढरे रुमाल तीन काढिले.

आधी तांबडा रांजण खाटेखाली शिरला. गर्जना जाहली आणि केसही ओढिले, यात खोटे नाही. परंतु दादासाहेबांनी यंत्राचे मागील भोकाशी, जेथून वारा बाहेर पडतो, तेथे रुमाल धरिला, आणि पाच पळांत रुमालावर काळा डाग उमटला. दादासाहेब खोकत म्हणाले, "गळतोय. पुढून गिळतो आणि मागून माझ्या तोंडावर सोडतो. याची चाळणी भरड आहे." शिवाय नळीचे तोंडचा ब्रश फिरता फिरता थांबला, उलटा करून पाहिला तो नाईकांचे केस त्यास सुताचे गुंडीप्रमाणे गुंडाळले गेले होते, आणि वकील टाय खांद्यावर टाकून कात्रीने ते कापीत अर्धी घटका बसला. नाईक या सर्व काळात न्हाणीघरात होते. मग वाटोळी थाळी आली, ती दालनाचे उंबरठ्यावर अडली, उचलून आत ठेविली तो वर्तमानपत्रांचे ढिगास धडकून वळली, पुन्हा धडकली, पुन्हा वळली, आणि त्या ढिगांचे राज्यात थाळीस मार्ग सापडेना. दादासाहेब म्हणाले, "सपाट मोकळ्या घराला चांगली आहे. आमच्या घराला नाही." त्या वकिलासही हे पटले, आणि त्याने या वेळी चहा घेतला.

मग भाला आला. त्या बाईने आधी यंत्र बंद ठेवून जमिनीवर निजविले आणि न्हाणीघरातून डोकावणाऱ्या नाईकांस हुंगू दिले, त्यावर बिस्कीट ठेविले, नाईकांनी ते खाल्ले, मग यंत्र मंद सुरू केले, नाईक दोन पावले मागे सरले आणि दुसरे बिस्कीट पाहून तीन पावले पुढे आले. येणेप्रमाणे तह जाहला. मग भाला खाटेखाली आडवा होऊन शिरला, कोपऱ्यांत अरुंद तोंड लावून शिरला, गादीवर छोटा ब्रश लावून फिरला, ब्रशास फणीसारखी दातरी होती, केस गुंडाळले जाण्याआधी ती ते सोडवून पोटात लोटी. आणि दादासाहेबांनी मागे रुमाल धरिला, तो दहा पळे धरिला, वीस पळे धरिला, रुमाल पांढराच राहिला. दादासाहेब म्हणाले, "हा गळत नाही."

परंतु खरा प्रसंग पुढेच आहे. पोट पारदर्शक, सबब सर्व दरबारास आतले दिसत होते, आणि ती बाई पोट वर्तमानपत्रावर रिकामे करिती जाहली. मालनबाईंनी बोटाने ढीग वेगळे केले. नाईकांचे पांढरे केस एक मूठ. रेशमाबाईंचे करडे केस एक मूठ. आणि तिसरा ढीग, काळा, चार मुठी, आणि त्यास धुळीचा ऐसा वास की राजांस शिंका आल्या. राजे म्हणाले, "हे काळं कुणाचं? आपल्याकडे काळं कोण आहे?" सर्वांनी एकमेकांचे केस पाहिले. राजांचे केसांस तर काळे म्हणावयाचे दिवस सरले होते. मग मालनबाईंनी खाटेचे पायथ्याकडे बोट दाखविले.

तेथे घोंगडी होती. काळी, जाड, माणदेशी, दादासाहेबांनी कालव्यावर तंबूत राहत असता एका धनगराकडून घेतलेली, वय बेचाळीस वर्षे, आणि बेचाळीस वर्षांत पाणी तिने केवळ कालव्याचे पाहिले, तेही दुरून. ती रोज रात्री त्यांचे अंगावर, नाकाखाली. भाला तिजवरून एकदा फिरविला तो पोट भरले. पुन्हा फिरविला, पुन्हा भरले. तिसऱ्यांदा भरले. तेव्हा दादासाहेबांनी यंत्रावर हात ठेविला आणि म्हणाले, "बास. घोंगडीला कोणी हात लावायचा नाही. धुतली की ती मरते." राणीसाहेब म्हणाल्या, "दादा, पण डॉक्टर..." दादासाहेब म्हणाले, "केस कुत्र्याचे म्हणाली ती. घोंगडीचं नाव नाही घेतलं." आणि घोंगडी घडी करून उशीखाली ठेविली.

मग घटस्थापनेस भाला राज्यात दाखल जाहला. मालनबाईंनी प्रथम त्याकडे सवतीकडे पाहावे तैसे पाहिले, परंतु चौथे दिवशी त्याच दादासाहेबांस सांगत होत्या, "पाय वर घ्या दादा, माझं मशीन यायचंय." सोफ्यावर रोज फेरा, गादीवर एक दिवसाआड, पोट रोज रिकामे, चाळणी आठवड्यास धुऊन सावलीत वाळत. राजांचे काळे पोशाखावर केस मोजून एक निघाला, तो राजांनी कौतुकाने ठेवून दिला. दादासाहेबही पंप न चुकता घेत, आणि चोरून ती फुंकावयाची नळी, जी डॉक्टरबाईंनी सरावास ठेविली होती, फुंकून पाहत. दोनशे. दोनशे दहा. दोनशे पंचवीस. परंतु रात्री घोंगडी अंगावर, आणि सकाळी काटा पुन्हा दहा घरे मागे. राणीसाहेबांनी तीन वेळा विषय काढिला आणि तीनही वेळा दादासाहेबांनी वर्तमानपत्र उभे धरिले. आणि खंडेनवमीस भाल्यास हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाटावर बसविले, ते दिवशी हत्यार चालवू नये म्हणून मोहीम बंद राहिली.

दसऱ्याचे दिवशी सकाळी खाली दाराशी टेम्पो वाजला आणि सर्जेराव नवे टोपीनिशी वर आले, पाठोपाठ डॉक्टर इनामदारबाई आपट्याची पाने घेऊन आल्या. सोने दिले, सोने घेतले, आणि मग नळी निघाली. दादासाहेब आज धुतलेला सदरा घालून, नाडी दोन गाठींनी बांधून बसले होते. पहिल्यांदा फुंकिले, काटा दोनशे वीस. दुसऱ्यांदा, दोनशे तीस. तिसऱ्यांदा श्वास भरिला, डोळे मिटिले, मुख तांबडे होईतो फुंकिले, दोनशे तीस. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सुधारणा आहे आजोबा, चांगली आहे. पण अडीचशे नाही." आणि त्यांनी नाईकांकडे पाहिले नाही.

राजे काही बोलणार तो दादासाहेबांनीच हात वर केला आणि म्हणाले, "शब्द तो शब्द." मग सर्जेरावांनी पट्टा हाती घेतला, नाईक फिरावयास निघालो ऐसे समजून शेपूट हलवीत आधी निघाले, पालखी त्या दिवशी नेमकी चालू होती, आणि सर्व दरबार खाली उतरला. नाईकांनी टेम्पो पाहिला आणि कोणी न सांगता उडी मारून आत बसले, आणि जीभ बाहेर काढून दादासाहेबांकडे पाहू लागले की आपण कधी चढता.

दादासाहेब उभे राहिले. मग पाठ फिरवून पालखीत बसून वर गेले. सर्जेराव म्हणाले, "दाजी, निघू का? दादांना बघवत नसेल." राजे म्हणाले, "थांबा जरा." इतक्यात दादासाहेब खाली आले, तो त्यांचे खांद्यावर घोंगडी होती. ती त्यांनी टेम्पोत अंथरली, हाताने एकदा सारखी केली, आणि म्हणाले, "ही न्या मळ्यात. कापश्या, उतर खाली."

सर्जेराव म्हणाले, "अहो दादा, मी सात कोस डिझेल जाळून घोंगडी न्यायला आलो?"

दादासाहेब म्हणाले, "कुत्रा परत मेथीच्या पिशवीत मावायचा नाही. घोंगडी दुसरी मिळेल." मग डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं लोकांच्या कालव्यातली गळती शोधली, घरची उशाशी घेऊन झोपलो. मला दिवाळीपर्यंत मुदत द्या. काटा लागला नाही तर याच्याबरोबर मीच मळ्यात जातो."

डॉक्टरबाईंनी ढिगाची सर्व हकीकत मालनबाईंकडून ऐकिली, घोंगडी दोन बोटांनी उचलून झटकिली, आणि शिंकल्या, पुन्हा शिंकल्या, आणि रुमालाआडून म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलं?" राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्ही आलात की त्या खोलीचं दार आम्ही लोटून घेतो." मग डॉक्टरबाईंनी दिवाळीपर्यंत मुदत दिली, आणि जोडीस शर्त घातली की नाईकांनी रात्री दालनाबाहेर उंबरठ्यापाशी निजावे, ती नाईकांनी अर्धी पाळिली, म्हणजे धड बाहेर आणि डोके आत. परंतु त्या क्षणी नाईक टेम्पोतून उतरेनात, कारण घोंगडीस दादासाहेबांचा वास, आणि त्यांचे मते जेथे घोंगडी तेथे दादासाहेब. सरतेशेवटी राणीसाहेबांनी पुरीचा तुकडा दाखविला, तेव्हा कोणते टोक पुढील हे सर्वांस समजले आणि नाईक उतरले.

लक्ष्मीपूजनाचे सायंकाळी डॉक्टरबाई फराळास आल्या. नळी फुंकिली, काटा दोनशे साठ. कोणी आरोळी ठोकिली नाही, राजांनी केवळ चष्मा पुसला, आणि मालनबाईंनी ओळीतील कडेचा एक दिवा भाल्यापुढे ठेविला. मग सर्व पानसुपारीस बसले, आणि इतक्यात दादासाहेबांस खोकला आला. एकदा आला, दोनदा आला. डॉक्टरबाईंनी हातची सुपारी खाली ठेविली. दादासाहेब डोळे पुसत म्हणाले, "काही नाही रे, वेलची अडकली." राणीसाहेबांनी तबक ओढून मोजले. सायंकाळी अकरा ठेविल्या होत्या, दहा निघाल्या.

सारांश, श्वान-मार्जारांचे घरास यंत्र घेणे तर हलके घ्यावे, तोंडाशी केस न गुंतणारे घ्यावे, मागे पांढरा रुमाल धरून पाहावा, पोट आरपार दिसणारे असावे, आणि दाखवावयास बोलाविल्या दिवशी घर झाडू नये, दार लोटू नये. घोंगडी मळ्यात सुखरूप आहे. सर्जेराव कार्तिकापासून शिंकतात, आणि यंत्र कोणते घेतले ते कळवावे, ऐसा त्यांचा निरोप आला आहे. हे असे जाहले.